विश्लेषण : खिळ्यांपासून मोबाइलपर्यंत… मराठी पुस्तक काढणे किती बदलले? वसईच्या बोलींना त्यात जागा आहे का?

पुस्तक काढणे आता सोपे झाले आहे, असे सगळेच म्हणतात. फाइल चढवा, मुखपृष्ठ निवडा, किंमत टाका, दोन-तीन दिवसांत पुस्तक विक्रीला. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, वसईच्या होळी भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला पुस्तक काढायचे आहे. माहेर नंदाखालचे, त्यामुळे घरची बोली सामवेदी, म्हणजेच कादोडी. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी, लग्नातली गाणी, शेतीतले शब्द असा दोनशे पानांचा मजकूर त्यांनी वहीत उतरवून ठेवला आहे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर एकच वाट होती. आज चार-पाच आहेत. मात्र प्रत्येक वाटेवर एक खड्डा आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा.

पूर्वी पुस्तक कसे निघायचे?

लेखक हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे जायचा. प्रकाशकाला ते पटले तर ते छापखान्यात जायचे. तिथे कंपोझिटर शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. मराठीला हे काम इंग्रजीपेक्षा कितीतरी जड, कारण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरली तर खिळ्यांचे घर शेकड्यांत जाते. मुद्रिते तपासून झाली की छपाई, मग बांधणी. साधारण हजाराची आवृत्ती काढायची आणि ती खपण्याची वाट पाहायची, हा मराठी प्रकाशनाचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता.

हजारच का? कारण ऑफसेट छपाईत खरा खर्च पहिल्या प्रतीलाच होतो. सोळा-सोळा पानांचे फॉर्म लावायचे, प्लेट बनवायच्या, यंत्र जुळवायचे. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. त्यामुळे कमी प्रती काढल्या तर एकेक प्रत महाग पडते आणि जास्त काढल्या तर गठ्ठे पलंगाखाली राहतात. स्वखर्चाने कवितासंग्रह काढलेल्या कोणाच्याही घरी हा पलंग सापडेल.

लिपीची अडचण तर त्याहून जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच हाताशी नव्हते. चारशे वर्षांनंतर वसईतला कॉलेजचा मुलगा मित्राला रोमन अक्षरांत मराठी मेसेज पाठवतो, तेव्हा कारण वेगळे असते, पण सोय तीच. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि पुढच्या आवृत्त्यांमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा येणार आहे.

मग संगणक आल्यावर प्रश्न सुटला नाही का?

सुटला आणि नवा तयार झाला. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण जुनी मराठी पुस्तके मोबाइलवर का दिसत नाहीत, याचे उत्तर इथेच आहे.

नव्वदच्या दशकात डीटीपी आले. छापखान्यातले खिळे गेले आणि पेजमेकर, श्रीलिपी, आकृती ही नावे रूढ झाली. पाने झटपट लागू लागली, अक्षरे सुबक दिसू लागली. पण त्या काळातल्या बहुतेक फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नव्हतेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसायचे. फॉन्ट काढला की उरायची रोमन अक्षरांची भेळ. शिवाय प्रत्येक कंपनीने आपापली चित्रे आपापल्या जागी बसवली होती. एका फॉन्टमधली फाइल दुसऱ्यात उघडायची सोय नव्हती.

युनिकोडने हे बदलले. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक द्यायचा, ही कल्पना १९९१ मध्ये पहिल्या आवृत्तीच्या रूपाने आली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला. सर्वसामान्यांच्या संगणकावर ती पोहोचली विंडोज २००० पासून. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पण पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही आणि छापखाने पेजमेकर सोडायला तयार नव्हते. परिणामी युनिकोड आल्यानंतरही कित्येक वर्षे मराठी पुस्तके जुन्या फॉन्टमध्येच लागत राहिली. त्या सगळ्या फाइल आज प्रकाशकांच्या सीडींवर आणि हार्ड डिस्कवर आहेत. त्यातून छापील पुस्तक पुन्हा निघू शकते, ई-बुक निघू शकत नाही.

कन्व्हर्टर मिळतात की! मिळतात, पण त्यांची गोची पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग ‘क’ असा क्रम असे, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी, कारण उच्चारात तसे आहे. रफाराचे याच्या उलट. ‘सूर्य’ शब्दातला रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘य’नंतर टाकला जाई, युनिकोडमध्ये तो ‘र’ आणि हलन्त म्हणून ‘य’च्या आधी येतो. म्हणजे कन्व्हर्टरने नुसते चिन्ह बदलून भागत नाही, चिन्हे उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात. जोडाक्षरावर वेलांटी आणि शेजारी रफार आला की कुठेतरी गडबड होतेच. दोनशे पानांत अशा शेकडो जागा निघू शकतात आणि त्या शोधायला पुन्हा मुद्रितशोधकच लागतो. यंत्राने वाचवलेले श्रम असे मागच्या दाराने परत येतात.

आणखी एक गंमत. ‘ॲप’ हा शब्द आजही तीन तऱ्हांनी टाइप होतो. याचे कारण मराठीच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र काढला, कोणी हिंदीतले ‘ऍ’ वापरले. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ‘र’ही दोन पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधयंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तुमचे पुस्तक दुकानात असूनही शोधल्यावर सापडत नसेल, तर नाव कसे टाइप झाले आहे, हे एकदा तपासायला हरकत नाही.

आज कोणकोणते मार्ग आहेत?

पहिला अर्थातच जुनाच, प्रस्थापित प्रकाशक. वसईच्या मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेने मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. १९८३ ते २००७ या काळात ते वसईतल्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते; त्यांचे ‘सुबोध बायबल’ पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकाशक म्हणजे फक्त छपाईचा खर्च नव्हे. संपादन, मुद्रितशोधन, वितरण आणि ‘हे वाचण्याजोगे आहे’ अशी हमी, हे सगळे त्यात येते. डिजिटल मार्गांनी छपाई स्वस्त केली, ही हमी मात्र त्यांना देता आलेली नाही.

दुसरा मार्ग प्रिंट ऑन डिमांड. ग्राहकाने मागणी केली की डिजिटल यंत्रावर एक प्रत छापायची. प्लेट नाही, त्यामुळे पहिल्या प्रतीचा बोजा नाही. बेंगळुरूची पोथी डॉट कॉम आणि चेन्नईची नोशन प्रेस या सेवा यासाठी ओळखल्या जातात. पलंगाखालचा गठ्ठा यात उरत नाही. पण प्रत महाग पडते आणि संपादनाचे पॅकेज वेगळे विकत घ्यावे लागते. ‘तुमचे पुस्तक छापू’ म्हणणाऱ्या कोणत्याही कंपनीशी व्यवहार करताना पैसे कोण कोणाला देणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

तिसरा, ई-बुक. पुण्याच्या ‘बुकगंगा’ने छापील पुस्तकांशेजारीच मराठी ई-बुक विक्रीला ठेवली. ॲमेझॉनने २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषा आणल्या. ठाण्यातून चालणाऱ्या ई साहित्य प्रतिष्ठानने वेगळी वाट धरली. लेखकाने पुस्तक मोफत द्यायचे आणि त्याची पीडीएफ मोफत वाटायची. पैसा नाही, पण वाचक आहे. प्रतिलिपीसारख्या ॲपवर तर पुस्तक ही कल्पनाच विरघळली आहे. तिथे कथा भागाभागांनी येते आणि पुढच्या भागासाठी वाचक लेखकाच्या मागे लागतात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या मासिक-साप्ताहिकांतून क्रमशः वाचणाऱ्या पिढीला यात नवे काही वाटले नसते.

इथे पीडीएफ आणि ई-पब यांतला फरक समजून घ्यायला हवा. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो काढल्यासारखे. कागदावर जसे लागले तसेच राहते. सहा इंची मोबाइलवर ते दोन बोटांनी मोठे करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावे लागते. ई-पबमध्ये मजकूर पाण्यासारखा असतो, स्क्रीन जेवढी तेवढ्यात बसतो, अक्षर मोठे केले तर ओळी आपोआप बदलतात. गर्दीच्या विरार लोकलमध्ये एका हाताने वाचणाऱ्याला कोणते परवडेल, हे सांगायला नको.

चौथा मार्ग त्याच लोकलमधला. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली ती इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तीन भाषा घेऊन. मराठीची निवड अपघाताने झाली नसावी. पुस्तक धरायला जागा नसेल तिथेही कानात इअरफोन घालता येतो. वसई रोड ते चर्चगेट पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर, रोज दोन वेळा. इतका मोठा श्रोतृवर्ग दुसरीकडे कुठे मिळणार?

पैसे कोणाला, किती मिळतात?

छापील पुस्तकावर लेखकाला साधारण दहा टक्के मानधन धरले, तर दोनशे रुपयांच्या पुस्तकामागे वीस रुपये होतात. पाचशे प्रती विकल्या गेल्या तर दहा हजार. किमतीतला मोठा वाटा वितरक आणि विक्रेत्याच्या सवलतीत जातो.

ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेत ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. ७० चा आकडा डोळ्यांत भरतो. मात्र भारतातल्या विक्रीवर तो मिळवायचा तर त्या ई-बुकची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही विकणार नाही, अशी अट असलेल्या योजनेत नाव नोंदवावे लागते. म्हणजे बुकगंगावर ते ठेवता येणार नाही. सबस्क्रिप्शनवर वाचणाऱ्यांकडून तर पुस्तकामागे नव्हे, वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात. विसाव्या पानावर वाचक थांबला, तर लेखकाचे उत्पन्नही तिथेच थांबते.

करांचा मामला आणखी विचित्र आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकवर २०१८ पासून पाच टक्के, पण त्याची छापील आवृत्ती अस्तित्वात असेल तरच. फक्त डिजिटल असलेल्या पुस्तकाला ही सवलत नाही. त्यावर १८ टक्के. कागद वाचवणाऱ्यालाच जास्त कर, यामागचे तर्कशास्त्र समजणे कठीण आहे.

आणि पायरसी. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर ‘दुर्मिळ मराठी पुस्तके’ म्हणून फिरणाऱ्या पीडीएफमध्ये खरोखर दुर्मिळ थोडी आणि दुकानात मिळणारी पुष्कळ असतात. भारतात स्वामित्व हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली; ती कोणीही छापावी, वाटावी. वि. स. खांडेकर गेले १९७६ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ संपेपर्यंत राहील. त्यांची पीडीएफ ‘वाचनसंस्कृतीसाठी’ पुढे ढकलणे हाही गुन्हाच. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता.

सामवेदीतल्या पुस्तकाचे काय?

आता होळीतल्या त्या वहीकडे. सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी या वसई-पालघरच्या बोली देवनागरीतच लिहिल्या जातात, त्यामुळे छापील पुस्तकाला अडचण नाही. अडचण सुरू होते मोबाइलवर. मराठी कीबोर्ड प्रमाण मराठी शिकलेला असतो. बोलीतला शब्द टाइप केला की तो त्याला चूक समजून सुधारतो. बोलून टाइप करण्याच्या सोयीचेही तेच. आजीच्या तोंडचा शब्द बोलावा आणि पडद्यावर पाठ्यपुस्तकातला उमटावा. छापील पानाचा फोटो काढून त्यातून मजकूर काढणारी यंत्रणाही ओळखीच्या शब्दाकडेच झुकते. माणूस मुद्रितशोधक असेल तर त्याला ‘हे असेच हवे’ असे एकदा सांगून भागते. यंत्राला दर ओळीला सांगावे लागते.

दुसरी अडचण लेखनाची. बोलीचे लेखननियम पक्के झालेले नाहीत. एकच शब्द दोन लेखक दोन तऱ्हांनी लिहितात. कागदावर वाचक सांभाळून घेतो, शोधयंत्र घेत नाही.

तिसरी अडचण कप्प्याची. जगातल्या भाषांना दिल्या जाणाऱ्या तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये सामवेदीला स्वतंत्र संकेत आहे, वारलीलाही आहे. पण ॲमेझॉनच्या स्वप्रकाशनाच्या भाषायादीत भारतीय भाषा मोजक्या आहेत आणि बोली एकही नाही. लेखिकेला तिथे ‘मराठी’ निवडावे लागेल आणि तिचे पुस्तक हजारो मराठी पुस्तकांच्या ढिगात जाऊन बसेल. शीर्षकात आणि वर्णनात ‘सामवेदी’, ‘कादोडी’, ‘वसई’ हे शब्द स्पष्ट लिहिणे, हाच आजघडीला त्यावरचा उपाय.

मात्र याच पुस्तकाला डिजिटल काळाचा सर्वाधिक फायदाही होऊ शकतो. या बोलीतल्या पुस्तकाच्या हजार प्रती कोणताही प्रकाशक काढणार नाही, पण शंभर प्रती मागणीनुसार छापता येतात आणि ई-बुक कॅनडात किंवा आखातात गेलेल्या नातवापर्यंत त्याच दिवशी पोहोचते. गाणी कागदावर अर्धीच उतरतात. चाल उतरत नाही. पुस्तकात क्यूआर कोड देऊन तिथे आजीच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ठेवता आले, तर ते खिळ्यांच्या काळात कोणालाही शक्य नव्हते. फक्त तो कोड ज्या संकेतस्थळाकडे नेतो, त्याचे वार्षिक भाडे कोण भरत राहणार, हे आधी ठरवावे.

पुस्तक टिकणार कुठे?

छापील पुस्तक विकत घेतले की ते तुमचे. ई-बुक विकत घेतले की बहुतेक ठिकाणी तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक गेले. त्यातले एक होते ‘१९८४’, म्हणजे नोंदी पुसून टाकणाऱ्या सत्तेची कादंबरी.

कायदाही अजून कागदावरच आहे. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला, त्यात पुस्तके वगळली. ग्रंथालयांना प्रती देण्याचा १९५४ चा कायदा मात्र कायम आहे. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय यांना एकेक प्रत पाठवायची असते. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाराही या कायद्याने प्रकाशकच ठरतो, हे अनेकांच्या गावी नसते. छापील प्रतींपुरताच हा नियम असल्याने केवळ ई-बुक असलेल्या पुस्तकाची प्रत कुठेच जमा होत नाही. ॲप बंद पडले की तेही गेले.

म्हणून होळीतल्या लेखिकेने सोपा क्रम धरावा. मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा. डीटीपीवाल्याकडून फक्त पीडीएफ न घेता मूळ खुली फाइलही मागून घ्यावी. बहुतेक जण इथेच चुकतात. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. ई-बुक काढले तरी मागणीनुसार थोड्या छापील प्रती काढाव्यात. जीएसटीही कमी लागेल आणि वरच्या चार ग्रंथालयांना प्रती पाठवता येतील. पाचवी प्रत गावातल्या वाचनालयाला द्यावी आणि सहावी नंदाखालला, माहेरी.